पुष्पलता मेहेरचा घसा आणि कोटातल्या बारा बैठकी

मुरबे गावातल्या बाकीच्या बायका होडीवरच्या नवऱ्याला मोबाईल लावतात. पुष्पलता मेहेर किनाऱ्यावर उभी राहून नुसती हाक मारायची, आणि खाडीच्या तोंडाशी असलेला तिचा नवरा मुकाट्यानं मान वर करायचा. मुकाट्यानं, कारण उत्तर दिलं तर पुढचं वाक्य ऐकावं लागे, आणि ते त्याच्याबरोबर अजून चार होड्यांना ऐकू जाई. ती जन्मली तेव्हा सुईण म्हणाली होती, "पोरगी नाय, भोंगा हाय." खरंखोटं सांगायला ती सुईण आता नाही, पण गावात या गोष्टीवर अविश्वास दाखवणारा एकही माणूस मिळणार नाही.

अशा बाईला शांतता राखायची नोकरी लागली, ती कशी ते सांगतो.

गावाच्या उत्तरेला फिरंग्यांच्या काळचा कोट आहे. एक बुरूज ढासळलेला, तीन शाबूत, आत नारळ-चिकूची वाडी आणि मधोमध मोठं दुमजली घर. धर्मेशशेट यांच्या पणजोबांनी तो कधीतरी विकत घेतला. शेटनी साठी उलटल्यावर कारखाना मुलांच्या गळ्यात घातला आणि स्वतः तानपुरे घेऊन इथं राहायला आले. माणसाला गाण्याचं वेड असावं. पण शेटना ते वेड बारमाही होतं. दर महिन्याला एक बैठक, पावसाळ्यातसुद्धा. मुंबईहून गाड्या येत, बोईसरच्या कारखान्यांतले साहेब येत, पालघरचे दोन डॉक्टर येत, आणि डोळे मिटून बसत. त्यातले काही झोपत, पण तेही मान हलवत झोपत.

या सगळ्यात अडचण होती ती वाटेची. कोटाला दोन दारं. एक गावाच्या बाजूला, दुसरं समुद्राच्या. समुद्राच्या दाराबाहेर रेतीवर गावाच्या वलांड्या, म्हणजे बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव. पणजी-आजीच्या वेळेपासून बायका डोक्यावर टोपली घेऊन या दारातून आत शिरायच्या आणि त्या दारातून बाहेर पडायच्या. पाच मिनिटांचं काम. कोटाला वळसा घालायचा तर भरतीत कमरेएवढं पाणी, नाहीतर डांबरी रस्त्यानं पाऊण तास. आणि ओला बोंबील पाऊण तास थांबत नाही. तो आधीच पाण्याचा जीव. उशीर केलात की टोपलीतच लापशी होऊन बसतो.

एकदा ऐन आलापात टोपल्या घेऊन बायकांची रांग आत शिरली. पुढं पुष्पलता, मागं तिची धाकटी जाऊ जमना, आणि दोघींचं भांडण चाललेलं, बोंबील कुणी आधी धुवायचे यावर. गवई पुण्याचे होते. त्यांनी दोन मिनिटं पुष्पलताच्या वरचा सूर लावायचा प्रयत्न केला आणि मग तानपुरे खाली ठेवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी कोटाच्या दोन्ही दारांना कुलूप.

मग काय, चाळीस बायका कुलपासमोर. शेट बाहेर आले, पुष्पलताची दोन वाक्यं ऐकली आणि कानावर हात ठेवून म्हणाले, "पुष्पाबेन, बैठकीच्या दिवशी गावाचा आवाज आत येता कामा नये. बारा महिने, बारा बैठकी; तोवर दारं उघडी ठेवतो. एकदाही आला नाही, तर दोन्ही दारं कायमची उघडी, स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. एकदा जरी आला, तर कुलूप, आणि पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

"आन् तो आवाज थांबवायचा कोनी?"

"तुम्ही. पगारावर."

शेट काही भोळे नव्हते. गावातला सर्वांत मोठा घसा आपल्याच खुर्चीत बसवला की निम्मी लढाई जिंकली, हा त्यांचा हिशेब. लोक याला चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं म्हणतात. कागद झाला. त्यात लिहिलं होतं की वर्षभर गावातून आवाज आला नाही तर टोपली घेतलेल्या गावच्या कोणाही बाईला कोणत्याही वेळी या दारातून त्या दारापर्यंत जायची मुभा राहील. पुष्पलतानं तो पालघरात नर्स असलेल्या आपल्या लेकीकडून, जागृतीकडून, तीनदा वाचून घेतला आणि मग सही केली. शेटची व्यवस्थापक हेतल, बोईसरची चुणचुणीत पोर, हिनं तिला कोटाचं नाव छापलेली निळी साडी दिली, छातीला बिल्ला लावला आणि गावाकडच्या दाराशी, श्रोत्यांच्या मागं, एक खुर्ची दिली.

"मावशी, बोलायचंच नाही हं," हेतल म्हणाली.

"नाय बोलनार," पुष्पलता म्हणाली, आणि वाडीतले चार कावळे उडाले.

पहिली गोष्ट तिनं केली ती बायकांची. अनवाणी, एका रांगेत, तोंडात सुपारी धरून चालायचं. सुपारी चघळायची नाही, नुसती धरायची; म्हणजे तोंड उघडायला जागाच नको. पहिल्या बैठकीपासून चाळीस बायका पाठीमागून कधी गेल्या, हे श्रोत्यांना वासावरूनच कळू लागलं. वासाबद्दल कागदात काही नव्हतं.

मग गाव. मेहुलचा मासळीचा टेंपो मागं घेताना एक फिल्मी धून वाजवायचा. बैठकीच्या सकाळी पुष्पलतानं त्याची वायर कापली, आणि संध्याकाळी "अरे, उंदीर लय झालेत" म्हणून स्वतःच जोडून दिली. दर महिन्याला उंदीर होत. मेहुलनं मांजर पाळलं. कुत्र्यांना तिनं सुकटीचा चुरा देऊन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जेवायला बसवलं. मे महिन्यात प्रफुल्ल तांडेलच्या मुलीची हळद नेमकी बैठकीच्या संध्याकाळी आली, डीजेसकट. पुष्पलता त्याच्या ओटीवर जाऊन बसली, डोळे गरगरा फिरवून म्हणाली, "साडेपाच ते साडेआठ वेळ चांगली नाय रे. तलासरीचा भगत बोललाय." तलासरीचा कुठला भगत तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. पण हळद साडेआठनंतर लागली, आणि पोरीचा संसार आज अगदी सुरळीत चाललाय; म्हणजे मुहूर्त चांगलाच होता म्हणायचा.

फक्त एकदा ती अडली. श्रावणातली बैठक शेटनी नारळी पौर्णिमेला ठेवली होती. "शेट, तारीक बदला," ती म्हणाली. "दर्याला नारल देताना गाव गप बसनार नाय. आन् मी सांगायला पन जानार नाय." शेटनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं तारीख बदलली.

आता गाण्याचं. सुरुवातीला ते ऐकून तिची करमणूक व्हायची. पहिल्या बैठकीनंतर ती जमनाला म्हणाली, "एकच वाक्य दोन तास बोलतो गं. कोनी उत्तर देत नाय म्हनून परत बोलतो." तिसऱ्या महिन्यात एका बाईनं सारंगी वाजवली तेव्हा मात्र तिला काहीतरी झालं. काय ते तिला सांगता येईना. तिचा थोरला भाऊ वादळात गेला होता, त्याला पंचवीस वर्षं झाली होती, आणि त्या सकाळी खुर्चीत बसून ती त्याच्यासाठी ढसाढसा रडली. आवाज न करता. आपल्याला आवाज न करता रडता येतं, हे तिला त्या दिवशीच कळलं.

आणि मग तिला मोजणी सापडली.

बोंबील सुकवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती दोरीवर टांगतात. पुष्पलताच्या सासूची शिस्त अशी होती की दोन खांबांमधल्या एका दोरीला सोळा जोड्या, ना एक जास्त ना एक कमी. व्यापारी माल दोरीवर घेतो. एक दोरी कमी निघाली की तो सगळ्याच दोऱ्यांवर संशय घेतो. म्हणून एक बाई टांगते आणि दुसरी मोजते. आठ जोड्या झाल्या की टोपली पुढं सरकवायची, नववीला हात जरा सैल सुटतो, मग पुन्हा जोर, आणि सोळा झाल्या की पुढच्या दोरीची पहिली. मोजणारीला कमी दिसलं की तिनं त्याच क्षणी "कमी!" म्हणून ओरडायचं. क्षणभरही थांबायचं नाही, कारण टांगणारी पुढच्या दोरीला गेली की मागचं कुणी उकरून काढत नाही. आणि ओरडायचंही असं की वाऱ्यातून पलीकडच्या वलांडीपर्यंत पोचलं पाहिजे. पुष्पलता पस्तीस वर्षं मोजत होती. तिच्या हाताखालून एक जोडी कधी सुटली नव्हती.

पाचव्या बैठकीला तबला ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की हा माणूस बोंबील टांगतोय. सोळा. आठ झाल्या की सरकतो, नववीला हात सैल सोडतो, पुन्हा जोर धरतो, आणि सोळानंतर पहिलीवर येतो तेव्हा पुढच्या रांगेतले साहेब "वा!" म्हणतात. ती खूश झाली. एवढे शिकलेले लोक, आणि दोरी भरली की टाळ्या वाजवतात! तेव्हापासून ती प्रत्येक बैठकीत मांडीवर बोटं ठेवून मोजू लागली. काही तबलजी दहावर फिरत, काही बारावर. तेही तिला चालत होतं, मासळीही सगळी एका मापाची कुठं असते. पण सोळावाला असला की तिचा दिवस सोन्याचा. महिनाभर ती त्या बैठकीची वाट बघू लागली. नवऱ्याला वाटलं, बाई आजारी आहे. घरात आता कुणी ओरडत नव्हतं.

अकरा बैठकी झाल्या. गावातून चिटपाखरूही ओरडलं नाही.

बारावी डिसेंबरात होती, सकाळची. वलांड्या बोंबलांनी लदलेल्या. ओहोटी, त्यामुळे समुद्रही लांब. कुत्री जेवायला गेली होती, मेहुलच्या टेंपोला उंदीर लागले होते. गाणारे बुवा पंच्याहत्तरीचे, आणि साथीला सुजीत, वय तीस, मानेपर्यंत केस, आणि ते केस कधी उडवायचे याचाही त्यानं रियाज केलेला. समुद्राकडच्या दाराशी चाळीस बायका टोपल्या खाली ठेवून बसल्या होत्या. आज बैठक संपली की शेट दारांच्या किल्ल्या त्यांच्या हातात देणार होते. जमनानं नारळ आणला होता.

बुवांनी बंदिशीची एक ओळ धरली आणि सुजीतला वाजवायला वाव दिला. ओळ पुन्हा पुन्हा यायची, दर सोळाला, आणि मधल्या जागेत सुजीत पाऊस पाडायचा. पुष्पलताची बोटं मांडीवर चालली होती. आठ. नऊ, हात सैल. सोळा. पुन्हा. पुन्हा. सुजीतला चेव चढला. तो एका लांबलचक तुकड्यात शिरला, केस उडाले, तीनदा तोच बोल आपटून तो दणक्यात समेवर आला. बुवांनी तत्क्षणी ओळ धरली. पुढची रांग "वा!" म्हणायला तोंड उघडत होती.

"कमी!"

जित्याची खोड. तो आवाज कोटाच्या तिन्ही शाबूत बुरुजांवर आपटला, आणि खाडीच्या तोंडाशी एका होडीतल्या माणसानं सवयीनं मान वर केली.

बैठक थिजली. दीडशे माणसं मागं वळली. हेतलचा चेहरा पांढरा पडला. पुष्पलतानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण सुटलेला शब्द काही टोपलीत परत घालता येत नाही. तिला समुद्राकडच्या दारातून जमनाचा चेहरा दिसला. चाळीस बायकांची वाट तिनं, स्वतः, शेवटच्या अर्ध्या तासात, आपल्या तोंडानं बंद केली होती.

बुवांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "काय कमी, बाई?"

आता लपवून काय होणार होतं? ती उभी राहिली. "एक जोडी. पंधरावरच फिरले ते."

सुजीत लाल झाला. "काहीतरीच! समेवर आलोय मी."

"समेवर मी तुला घेतलं, बाळा," बुवा म्हणाले. "तू एक मात्रा आधीच येऊन उभा राहिलास. मग मी ओळ लवकर उचलली आणि झाकून नेलं. इथं दीडशे जाणकार बसलेत, एकाला कळलं नाही." मग ते हसायला लागले, आणि म्हातारा एवढा हसला की तंबोऱ्यावरच्या शिष्याला पाणी आणावं लागलं. "बाई, तुमचे गुरू कोण?"

"सासू," पुष्पलता म्हणाली.

सुजीतनं तो तुकडा पुन्हा वाजवला, या वेळी केस न उडवता, आणि बुवांनी तिला मोठ्यानं मोजायला लावलं. सोळा भरले. टाळ्या पडल्या. बैठक रंगली ती अशी की लोक उठायला तयार नव्हते.

पण शेवटी उठले, गाड्या गेल्या, आणि चिकूच्या झाडाखाली शेट कागद घेऊन उभे राहिले. एका बाजूला चाळीस बायका उभ्या. शेटचा आवाज हळू होता. त्यांना आनंद होत नव्हता, हे पुष्पलताला दिसत होतं. पण शब्द म्हणजे शब्द, हा त्यांचा पिढीजात धंद्याचा नियम.

"पुष्पाबेन, आवाज झाला."

"झाला," ती म्हणाली. "शेट, कागद वाचा. आवाज कुठून आला तर कुलूप?"

"गावातून."

"मंग मी गाव कवा झाले? पगार तुमचा. खुर्ची तुमची. ही साडी तुमची, बिल्ला तुमचा. बारा महिने मी गावच्या मानसांची तोंडं बंद केली, ती कोटाची मानूस म्हनून. आज कोटाच्या आत, कोटाचीच बाय कोटाच्या खुर्चीवरून ओरडली. गावातून आवाज आलाच नाय!"

जमनाच्या तोंडातली सुपारी पडली. हेतल दुसरीकडे बघून खोकली. शेटनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. पण ते व्यापारी होते, वजन केल्याशिवाय काही देत नसत.

"बरोबर. पण मग कोटाच्या माणसानं बैठकीत ओरडलेलं चालत नाही. त्याला त्याच दिवशी काढतात, आणि बैठकीला पुन्हा बसू देत नाहीत. तेव्हा तुम्हीच ठरवा. गावची म्हणून ओरडला असाल तर खुर्ची राहील, दार जाईल. कोटाची म्हणून ओरडला असाल तर दार राहील, खुर्ची जाईल."

पुष्पलतानं त्या खुर्चीकडे पाहिलं. लोखंडी, एका पायाला कागदाची घडी लावलेली. तिथं बसून ती पहिल्यांदा आवाज न करता रडली होती, आणि सोळा सापडले होते. आयुष्यात कुणी तिला बसून नुसतं ऐकायची नोकरी दिली नव्हती, आणि आता कुणी देणार नव्हतं. तिला फार, फार वाईट वाटलं. तिनं बिल्ला काढला आणि शेटच्या हातावर ठेवला.

"साडी धुवून देते," ती म्हणाली. आणि मग मागं वळून चाळीस बायकांना म्हणाली, "काय बघताय? उचला टोपल्या, बोंबील वाट बगनार हाय काय?" कावळे उडाले. किल्ल्या जमनाच्या हातात गेल्या.

जानेवारीत तेरावी बैठक होती. बुवांनी आग्रहाखातर पुन्हा यायचं कबूल केलं होतं आणि सुजीतनं येताना गाडीतच हेतलला विचारलं होतं, "त्या बाई आहेत का?" नाहीत म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. दाराशी खुर्ची नव्हती. नवा माणूस उभा होता, सालवडचा, हिंदी बोलणारा, आणि त्याला सक्त ताकीद होती की निळ्या साडीतल्या जुन्या बाईला बैठकीत बसू द्यायचं नाही.

बसली नाहीच ती. आलाप सुरू झाला तशी गावाकडच्या दारातून डोक्यावर टोपली घेऊन पुष्पलता आत आली. अनवाणी. तोंडात सुपारी. पाच मिनिटांची वाट तिनं पंचवीस मिनिटांत पार केली. समुद्राकडच्या दारातून बाहेर पडली, वळली, आणि पुन्हा आत आली. नवा माणूस घाबरून शेटकडे धावला. शेटनी न वळता, डोळे मिटलेले ठेवूनच सांगितलं, "कागदात वेग लिहिलेला नाही."

तिसऱ्या फेरीला तबला सुरू झाला, सोळाचा. पुष्पलता चिकूच्या झाडाखाली जवळजवळ उभीच होती. एक पाऊल उचललेलं, ते खाली टेकायला तिला मोजून सोळा लागत होते. वलांडीवरचं काम आटोपून घरी निघालेली जमना तिला समोरून येऊन भेटली. तिनं मान उंच करून टोपलीत डोकावून पाहिलं आणि तिच्या कानाशी कुजबुजली, "बाय, टोपली रिकामी हाय गं तुजी. कुठं निगालीस?"

पुष्पलतानं तिला बोटानं गप्प केलं, सोळा पुरे होऊ दिले, आणि मुरब्यात कुणी कधी ऐकला नव्हता अशा हळू आवाजात म्हणाली, "कुठं नाय. गानं संपूं दे."